न मुरलेलं खत

डॉक्टरांनी कॅप्सूल फोडून पिवळी पूड मधात कालवली, तसा हौशीराम उंबऱ्यातच थबकला.

आत झुंबरमावशी घोंगडीवर निपचित पडली होती. सप्ताहाचे सातही दिवस म्हातारीने नुसत्या दुधावर काढले, कीर्तनात टाळ्या पिटून तळहात लाल केले आणि काल्याच्या दिवशी उपास सोडला तो भाकरी अन् कोथिंबिरीच्या कच्च्या चटणीवर. त्या चटणीने गावातली दहा-बारा पोटं बिघडली, सावरली. मावशीची हगवण मात्र सहावा दिवस उजाडला तरी थांबेना.

कोथिंबीर हौशीरामाच्या वाफ्यातली होती.

"तीन दिवस हेच देतोय. लागूच पडत नाही," डॉक्टर म्हणाले.

"आई वाचंल न्हवं?" तिच्या लेकाने, मारुतीने विचारलं.

ती पूड हौशीरामाच्या रोजच्या ओळखीची. वलवणच्या अंगाला डुकरांच्या फार्मवर तो कामाला होता. डुकरं आजारी पडू नयेत म्हणून रोज सकाळी तीच त्यांच्या भुशात मिसळायचा. तिथला खताचा खड्डा वर्षभर उघडायचा नाही, असा दंडक. पण देवाच्या पंगतीला आपल्या हातची कोथिंबीर जावी म्हणून त्याचा जीव तुटत होता. दोन महिन्यांतच त्याने खड्डा उकरला आणि ते ओलं खत पाण्यात कालवून उभ्या कोथिंबिरीवर ओतलं. खत कशाचं, हे ना कुणी विचारलं, ना त्याने सांगितलं.

आता सांगावं, तर सप्ताह विटाळला म्हणून गाव थुंकेल. मंडपात पुन्हा टाळ कोण हाती देईल?

मावशी कण्हली.

"डाक्टर," तो पुढे होऊन म्हणाला, "ही पूड आमची डुकरं रोज खात्यात. त्यांचंच खत व्हतं वाफ्यात. कच्चं."

मारुतीने सावकाश मान वळवली.

"मग त्या खतातल्या जंतूंना हे औषध कधीच पचलंय, यानं ते मरायचे नाहीत," म्हणत डॉक्टरांनी वाटी बाजूला सारली आणि बॅगेतून दुसरी बाटली काढली.

चौथ्या दिवशी मावशी उठून बसली. हौशीराम आला तसा मारुती उठून बाहेर निघून गेला.

"मारत्यानं सांगितलं समदं," मावशी म्हणाली. "आत ये की रं, असा परक्यावानी काय उभा ऱ्हातूस? अरं, बाया म्हनत व्हत्या, मावशी, कोथमीर धुऊन घ्या. म्या म्हनलं, हौशीरामाच्या हातची हाय. कीर्तनात रडनारा मानूस त्यो. ती काय धुवायची?"

हौशीरामाने ओसरीवरचा तांब्या उचलला, अंगणात गेला आणि हात धुऊ लागला. तांब्या रिकामा झाला, तरी तो हात चोळतच राहिला.