मृणालताईंची दुपारची धडधड

मित्रांनो, मी एक जुना होल्टर आहे. नावाला घाबरू नका. काडेपेटीहून थोडा मोठा डबा, पाच वायरी आणि एक बटण, एवढाच माझा संसार. माणसाच्या छातीला चिकटून मी चोवीस तास त्याच्या हृदयाचे ठोके लिहून घेतो.

अकरा वर्षं मी डोंबिवलीतल्या एका दवाखान्यात आहे. तिथली रुचिता मला एकाच्या छातीवरून काढते, पुसते, सेल बदलते आणि दुसऱ्याला लावते. सुरुवातीला डॉक्टर म्हात्रे मला कौतुकाने उचलून दाखवायचे. आता माझ्या वायरींना चिकटपट्ट्या लागल्यात आणि मी थकलोय. भ्यालेल्या छातीवर दिवस काढणं सोपं नसतं.

त्यातली एक छाती मृणालताईंची. ठाकुर्लीला राहत्या घरी त्या पाळणाघर चालवायच्या. सात मुलं. सकाळभर त्यांच्यामागे धावताना काही व्हायचं नाही. दुपारी मुलं झोपली, ताई भिंतीला टेकून बसल्या, की सुरू. छातीत काहीतरी उलटल्यासारखं व्हायचं, एक ठोका चुकायचा आणि पुढचा घशाशी येऊन आपटायचा. वर्षभर असं चाललेलं. दोनदा ईसीजी काढला, तेव्हा नेमकं काहीच झालं नाही.

"टेन्शन घेतेस गं तू," त्यांचे यजमान सुदेश म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण रोज तेच ऐकून कंटाळलेला.

मला लावून घेताना ताई म्हणाल्या, "एक तारखेपासून पाळणाघर बंद करतेय. पालकांना सांगून टाकलंय. कडेवर मूल असताना मला काही झालं तर?"

"आधी रिपोर्ट तर येऊ द्या, ताई," रुचिता म्हणाली. "धडधडलं की हे बटण दाबा आणि कागदावर वेळ लिहा."

त्या दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी तो ठोका आला. बटणावरचं ताईंचं बोट गार पडलं होतं. दोन मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा. मुलं जागी होतील म्हणून त्या तोंडावर ओढणी दाबून रडल्या. चार वाजता तीन वर्षांची सान्वी उठली. "मावशी, हा मोबाइल कुणाचा?" असं म्हणत तिनेही बटण दाबलं. त्या दिवशी ताई तेवढं एकदाच हसल्या.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी ताई आणि सुदेश यांच्यासमोर रिपोर्ट ठेवला. "हृदयाची सोनोग्राफी, रक्त, थायरॉइड, सगळं चांगलं आहे. हे अधूनमधून येणारे जादा ठोके आहेत. शांत बसलं की जास्त जाणवतात. तुम्हाला त्यांचा धोका नाही."

सुदेश खुर्चीत सैलावले. "बघ, मी म्हणत नव्हतो? काही नाहीये."

ताईंनी मान खाली घातली.

डॉक्टरांनी कागद सुदेशकडे फिरवला. "काही नाही कसं? अकरा वेळा बटण दाबलंय, त्यातल्या दहा वेळा जादा ठोका सापडलाय. धोका नाही म्हणालो मी. त्रास नाही असं नाही म्हणालो." मग ताईंकडे बघून त्यांनी विचारलं, "हे चार वाजता काय झालेलं? इथे ठोके सरळ आहेत."

"ते सान्वीने दाबलं," ताई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांना रडू आलं.

सुदेश कितीतरी वेळ त्या कागदावरच्या रेघा बघत राहिले.

सहा महिन्यांनी ताई तपासणीला आल्या. पाळणाघर चालूच होतं.

"अजून होतं का?" रुचिताने विचारलं.

"होतं की. वैताग येतो. पण आता मरते की काय, असं नाही वाटत. दुपारी हे ऑफिसातून फोन करतात. बोलत काही नाहीत. माझं थांबेपर्यंत नुसते लाइनवर असतात."

हल्ली दवाखान्यात बिनवायरीचं नवं यंत्र आलंय. मी खणात पडून असतो. क्वचित कुणी बाहेर काढतं. त्याची फारशी तक्रार नाही, दमायला झालंच होतं.

विनंती एवढीच, मित्रांनो. घरात कुणी छातीवर हात ठेवून गप्प बसलं, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरांनी धोका नाही म्हटलं, तरी "काही नाहीये" म्हणून उठून जाऊ नका. माझं काम चोवीस तासांत संपतं. त्यानंतर त्या माणसाजवळ तुम्हीच असता.