सोमवारी बंद

“ह्यो शनवार कुणी छापला?”

हसाजी मिस्त्रीनं निमंत्रणपत्रिका खिडकीच्या उजेडात धरली, लांब केली, जवळ आणली. वार काही बदलला नाही. उंबऱ्यात उभा असलेला मीरासाब नव्या खाकी शर्टाचं बटण चाचपत म्हणाला, “मला काय ठावं, मिस्त्री? हापिसात दिली आन म्हनले, देऊन ये.”

“उद्या शनवार हाय.”

“व्हय की.”

“उद्या शनवारी, मशिदीचं उद्घाटन. आन खाली बघ, माझंच नाव. दीपप्रज्वलन, श्री. हसाजी पेझारकर. म्हंजे शनवारी दिवा मी लावायचा.” त्यानं पत्रिकेची चुरगाळून गोळी केली. “ह्या लोकांची डोकी ठिकाणावर हायत का?”

लक्ष्मीपुरीमागच्या गल्लीतल्या त्या दगडी इमारतीला सगळं गाव शनवाराची मशीद म्हणे, पण नमाज तिथं कधी झाली नाही. ते यहुद्यांचं प्रार्थनेचं घर, आणि यहुदी शनिवार पाळतात. संस्थानच्या काळात कोकणातून आलेल्या बेने इस्रायलांनी ते बांधलं. कुणी पलटणीतले, कुणी कारकून, कुणी सुतार, अशी सगळी मिळून सतरा घरं होती. मग बोटी सुटायला लागल्या आणि एकेक घर इस्रायलला निघून गेलं. हसाजीचे दोन्ही मुलगे चौसष्ट साली गेले. बायको मिल्काबाई एकाहत्तर साली गेली, ती मात्र कोल्हापूरच्याच मातीत. राहिला हसाजी आणि त्याच्या कमरेला लटकलेली मशिदीची किल्ली.

ती किल्ली त्यानं दोन वर्षांपूर्वी दिली. छपरातून पाणी यायला लागलं होतं आणि एकट्या म्हाताऱ्याच्यानं कौलं चढवणं होत नव्हतं. संग्रहालय करू, तुमच्या लोकांची आठवण राहील, म्हणून समिती आली. समितीचे अध्यक्ष कोण, तर आण्णा. ज्यांच्या फौंड्रीत हसाजीनं एकतीस वर्षं ऑइल इंजिनं जोडली ते आण्णा. हसाजीनं एकच अट घातली. बाकी काय करायचं ते करा, शनिवारी दार बंद पाहिजे. आण्णांनी त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला. मशीद झाडणारा मीरासाब तेव्हा शेजारीच होता, झाडू घेऊन.

आण्णांना शनिवार म्हणजे काय हे शिकवायची गरजच नव्हती. साऱ्या उद्यमनगरला सुटी सोमवारची. हसाजी सोमवारी तर घरी असेच, पण शनिवारीही कामावर जात नसे. एकतीस वर्षं दर शनिवारी त्याचा खाडा मांडला गेला आणि पगार कापला गेला. एकदा आण्णांनीच बोलावून सांगितलं होतं, “शनवारी यायला लाग, तुला फोरमन करतो.” हसाजी गेला नाही. त्याच्या हाताखाली पाना धरायला शिकलेला पिराजी फोरमन झाला आणि पुढं त्यालाच हुकूम सोडायला लागला. हसाजीनं तेही गिळलं. मिल्काबाई चार दिवस बोलली नव्हती, पण शुक्रवारी सूर्य बुडून शनिवार लागायच्या आत तिनं दोन दिवे लावले आणि विषय मिटला.

पत्रिका आली त्या शुक्रवारी दुपारी हसाजीनं सायकल काढली आणि थेट आण्णांचा बंगला गाठला. आण्णा गडहिंग्लजला लग्नाला गेलेले. संध्याकाळी येतील, बसा, असं सूनबाई म्हणाली. पण संध्याकाळी हसाजीला बसता येत नव्हतं. सूर्य बुडायच्या आत त्याला घर गाठायचं होतं. तो परत फिरला, दिवे लावले आणि रात्रभर आढ्याकडं बघत पडून राहिला.

सकाळी तो पायीच निघाला. शनिवारी सायकल नाही, खिशात पैसा नाही. धुतलेला कोट, काळी टोपी. समोरासमोर सांगितलं की आण्णा ऐकतील, निदान एक दिवस पुढं ढकलतील, असं त्याला वाटत होतं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण अजूनही त्याला असं वाटत होतं.

गल्लीत मांडव घातला होता. कर्णा ओरडत होता. मशिदीच्या दाराशी निळा नवाकोरा बोर्ड लावला होता: वेळ दहा ते पाच. संग्रहालय दर सोमवारी बंद राहील.

हसाजीनं तो दोनदा वाचला. मग उजव्या चौकटीकडं हात नेला. तिथं बोटभर लांबीची पितळी डबी होती, आत धर्मवचनाची चामड्याची सुरळी. तिला मेझुझा म्हणतात. येता-जाता तिला हात लावायचा आणि बोटं ओठांना टेकवायची. ती त्याच्या बापानं स्वतःच्या हातानं बसवली होती. दारात पहारेकऱ्याच्या खाकी कपड्यात उभ्या असलेल्या मीरासाबनं नजर खाली घातली.

हसाजीनं आत पाऊल टाकलं. जिथं प्रार्थना सांगणाऱ्याचा चौथरा होता तिथं तेलाचा घाणा आणून ठेवला होता, कारण यहुदी पूर्वी कोकणात तेल गाळत. घाण्याला प्लॅस्टरचा बैल जुंपला होता. बैलाच्या गळ्यात घुंगरं होती. काचेच्या कपाटात मिल्काबाईचं नवसाच्या मलिद्याचं ताट होतं. त्यानंच दिलं होतं ते. कडेचा पोचा बघून त्याला तिचा हात आठवला. आणि भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, शनिवार हा या समाजाचा पूर्ण विश्रांतीचा दिवस असून त्या दिवशी हे लोक अग्नी पेटवत नसत.

त्या पाटीच्या बरोबर खाली फुलांनी सजवलेली समई मांडली होती.

“आलास? ये, ये.” आण्णा फेटा सावरत पुढं आले. “कसं झालंय?”

“आण्णा, बोर्डावर सोमवार लिवलाय.”

“आरं, सगळ्या कोल्हापूरची सुटी सोमवारी. शनवारी-रविवारी माणसं फिराया भाईर पडत्यात. शनवारी बंद ठिवून कसं भागंल?”

“तुमी शब्द दिलता.”

“दिलता की. पर त्यो माझा एकट्याचा शब्द. आता समिती हाय.” आण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आन आजचं म्हनशील तर, मुंबैच्या पावण्यांस्नी आजचाच दिस मोकळा हुता. हे समदं तुझ्याचसाठी केलं न्हवं? रागावू नगंस.”

खरं सांगायचं तर आण्णा खोटं बोलत नव्हते. त्यांना हसाजीबद्दल माया होती. फक्त ती माया हसाजीला काय हवं हे विचारायला कधी थांबली नाही. अशा मायेपुढं माणसानं काय करावं?

कर्ण्यावरून चिटणीस आकाराम मास्तरांचा आवाज घुमला, “या समाजाचे आपल्या शहरातले अखेरचे वंशज श्रीयुत हसाजी पेझारकर यांच्या हस्ते आता दीपप्रज्वलन होईल.” टाळ्या झाल्या. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. कुणीतरी पेटती मेणबत्ती हसाजीपुढं धरली.

हसाजीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

“घ्या ना,” मास्तर हळूच म्हणाले.

“मास्तर, ह्या भिंतीवर काय लिवलंय ते आधी वाचा. मोट्यानं वाचा.”

मास्तरांनी वर बघितलं. त्यांनीच लिहिलं होतं ते. त्यांचे कान लाल झाले आणि ते हातातले कागद चाळायला लागले. मुंबईचे पाहुणे घड्याळ बघायला लागले. मेण पघळून मेणबत्ती धरणाऱ्याच्या बोटांवर यायला लागलं.

आण्णा जवळ सरकले. “हसाजी, शोभा करू नगंस. नुसता हात लाव. लावनारा दुसरा लावंल.”

“आण्णा,” हसाजी म्हणाला, आणि त्याचा आवाज कर्ण्याशिवायही शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला, “एकतीस वर्सं तुमी माझा शनवार कापला. मी एका शब्दानं बोललो न्हाय. पगार तुमचा हुता, तुमी कापला. पर शनवार माझा हाय. त्यो मी तुमच्या समितीला दिल्याला न्हाय.”

तो दारातून बाहेर पडला. मागं पाहुण्यांनी समई लावली असावी, कारण टाळ्या पुन्हा ऐकू आल्या.

गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि परत आला. तो निळा बोर्ड चार स्क्रूंवर होता. चार स्क्रू म्हणजे त्याला दोन मिनिटांचं काम. हात नुसते शिवशिवत होते. पण शनिवारी हत्यार धरता येत नव्हतं. राग येतानासुद्धा तो शनिवारच्या नियमात यावा, ही कसली शिक्षा, असं म्हणत तो दात खात घरी गेला.

घरी स्टो थंड होता. गेली सात-आठ वर्षं दर शनिवारी सकाळी मीरासाब यायचा. हसाजीनं त्याला कधी ये म्हटलं नव्हतं, सांगून करवून घेणंही नियमात बसत नाही. मीरासाब आपला स्वतःला चहा हवा म्हणून स्टो पेटवायचा, दोन कप करायचा आणि एक सरकवायचा. आता शनिवारी संग्रहालय उघडं म्हटल्यावर मीरासाब दारावर. काडेपेटी स्टोशेजारीच होती. हसाजी तिच्याकडं बघत दिवसभर बसून राहिला. संध्याकाळी आकाशात तिसरी चांदणी दिसून शनिवार संपल्यावर त्यानं काडी ओढली आणि स्टो पेटवला.

रविवारी तो सायकलवर गेला, हॅन्डलला हत्यारांची पिशवी अडकवून. दारात बऱ्यापैकी गर्दी होती. कोडोलीहून आलेली एक सहल आत प्लॅस्टरचा बैल बघून खिदळत होती. टेबलामागचा पोरगेला कारकून म्हणाला, “तिकीट?”

“मला आत जायाचं न्हाय. दारापाशीच काम हाय.”

हसाजीनं बोर्डाकडं बघितलंही नाही. पिशवीतून तेलाची बुधली काढली आणि उजव्या चौकटीवरच्या पितळी डबीच्या दोन स्क्रूंवर एकेक थेंब सोडला. थोडं थांबला. जुन्या खाचेत स्क्रूड्रायव्हर बसवून हळूहळू फिरवायला लागला, घाई केली तर खाच तुटते. बापानं घट्ट पिळले होते. खालचा सुटला, मग वरचा. डबी त्याच्या तळहातावर आली. ती त्यानं ओठांना लावली, रुमालात गुंडाळली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

मास्तर धावत आले. “अहो, अहो, ती नोंदलेली वस्तू आहे. एकोणीस नंबर.”

“मंग लिवा, ज्याची हुती त्यो घिऊन गेला.”

“असं कसं नेता येईल? मला आण्णांना सांगावं लागेल.”

“सांगा. पोलिसबी बोलवा. मी घरातच हाय.”

मास्तर कालपासून हसाजीच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हते. ते तसेच आत गेले.

हसाजीनं पिशवीतून लांबीचा, म्हणजे भोकं बुजवायला जवसाच्या तेलात मळलेल्या खडूच्या पुडीचा, गोळा काढला, अंगठ्यानं मळला आणि दोन्ही भोकं भरली. पत्र्याच्या पट्टीनं वरचं निपटून काढलं, कडेचं फडक्यानं पुसलं. लाकडावर डबीच्या आकाराची फिकट खूण राहिली होती, तिला तो काही करू शकत नव्हता. मीरासाब बघत होता.

“आता शनवारी?” त्यानं विचारलं.

“ठेवा उघडं. आता ही नुसती इमारत हाय. इमारतीला कसला आलाय शनवार.”

“मिस्त्री, नोकरी सोडायची म्हनलो तर घरात बेगम हाय, पोरं हायत...”

“तुला कोन सोड म्हनलं?”

“न्हवं, पर शनवारचा तुमचा चहा?”

हसाजीनं पिशवीचं तोंड बांधलं. “शुक्रवारी थर्मासात भरून ठिवीन,” तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकली.

पाच वाजता सहल गेली, कारकून गेला. मीरासाबनं खिडक्या लावल्या, बैलाच्या गळ्यातली घुंगरं एकदा वाजली ती थांबवली, आणि दार ओढून कुलूप घातलं. इतक्या वर्षांत झाडू मारायला येता-जाता हसाजीचं बघून त्यालाही सवय लागली होती. हात उजव्या चौकटीकडं गेला आणि बोटं ओठांवर आली. लांबी अजून ओली होती. ओठांना जवसाच्या तेलाची कडवट चव लागली. त्यानं लगेच वळून बघितलं, तर त्याच्या बोटांचे ठसे लांबीत उमटले होते. फडकं त्याच्या खांद्यावर होतं, पण त्यानं ठसे तसेच राहू दिले.