सोमवारची मजुरी

राधाबाई साटमच्या घरात पैसा टिकत नव्हता, आणि चोर तर कोणी नव्हता. चोर असता तर बरं होतं, तिनं मुसळानं सरळ केला असता. पैसा जायचा तो तिच्या मुलाच्या, धोंडूच्या हातून, आणि तोही त्याच्या पोटात जायचा नाही. गिरणी सुटली की धोंडू मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून लढणाऱ्या समितीच्या कचेरीत. मोर्चेकऱ्यांना चहा हवा, तुरुंगात गेलेल्याच्या पोरांना वह्या हव्यात, पत्रकांना कागद हवा. मग घरी येऊन डाळीच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, मिठाच्या बरणीमागे हात घालायचा आणि "आये, पगाराला ठेवतंय हां परत," म्हणून पसार. दारुड्या पोराला शिव्या तरी घालता येतात. ह्याला तर अख्खी चाळ हार घालायची.

राधाबाई लालबागला लोकांचे मसाले कांडायची. मिरचीनं हात पेटले तरी तोंड त्याहून तिखट. पण त्या वर्षी तिला एकच घोर लागला होता. तिची लेक शेवंती विशीतच कपाळ पांढरं करून माहेरी आली होती. गावी सासू अंथरुणाला खिळलेली आणि दीर शेताला गडी शोधत होता. गड्याला मजुरी द्यावी लागते, भावजयीला नाही.

धोंडूनं सांगून टाकलं, "वर्षभर ऱ्हाऊंदे तिला. हाताला काय धंदा लागला तर बरा. नाय तर पुढल्या कार्तिकात दीर येईल न्यायला." एका खोलीत सहा माणसं, त्याचंही चुकत नव्हतं.

शेवंतीच्या हातात शिवण चांगली होती. गिरगावात खोताच्या वाडीत झगे शिवणारी कार्मेलबाय डोळे अधू झाले म्हणून आपलं हाताचं मशीन विकायला निघाली होती. राधाबाईनं जाऊन शब्द टाकला.

"एक वरस थांबतंय," कार्मेलबाय म्हणाली. "त्याच्यावर एक दिस नाय."

पण वर्षभर पैसा साठवायचा कुठं? ह्या घरात भिंतीलासुद्धा धोंडूचे हात फुटलेले.

द्वैभाषिक राज्य नुकतंच माथी मारलं होतं, चाळ सुतक पाळल्यासारखी बसली होती. कार्तिकातल्या सोमवारी राधाबाईनं अंघोळ केली, पितळी गडू घासून देवापुढं ठेवला, त्याच्या तोंडाला लाल फडकं बांधलं आणि गॅलरीत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून मी वर्षाचे सोमवार धरलेत. उपास करीन आणि सोमवारची मजुरी देवाची. त्याला जो हात लावील त्याचा हात झडेल!"

धोंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं शेवंतीकडे बघून डोळे मिचकावले. पैसा मशीनचा आहे हे लेकीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिले सोमवार जड गेले. उपाशी पोटी मुसळ उचलायचं, मिरचीचा खाट घशात जायचा, आणि चोरून घासभर खावं तर समोरच्या कमलाबाईचे डोळे दारातच. पावसाळ्यात कांडप आटलं. तेव्हा मसाल्याच्या दुकानात हळकुंडं निवडायला बसली, पण सोमवार रिकामा जाऊ दिला नाही. हळूहळू सवयच जडली. सोमवारी हात धुतले की पाय आपोआप देव्हाऱ्याकडे. मधेच आणे जाऊन नवे पैसे आले, तेही गडूत पडले. धोंडू सगळे डबे उपसायचा, पण गडूपाशी आला की हात जोडायचा. राधाबाई मनात हसायची.

मधे निवडणुका झाल्या. गिरणगावात समितीचा गुलाल उधळला. चाळीत मोठ्यानं पेपर वाचून दाखवणारे तात्या गॅलरीत उभे राहून म्हणाले, "राधाबाईचे सोमवार फळले!" त्या दिवसापासून बाया पोरांना तिच्या पाया पडायला आणू लागल्या. राधाबाईला ते गोड लागलं. खोटं कशाला बोला?

कार्तिक आला. गडू दोन हातांनी उचलावा लागत होता. शेवंतीनं कापडाचे तुकडेसुद्धा जमवून ठेवले होते. आणि तात्या दारात हजर.

"राधाबाई, उद्यापन कधी?"

"कसलं उद्यापन?"

"वर्षाचं व्रत ना? जोडपी जेवू घाला, चाळ जेवू घाला. देवाचा पैसा देवाच्या पानात."

"मुंबई मिळाली नाय अजून. मिळाली की करीन."

"देवाला उधारीवर ठेवता? व्रत उलटलं तर कुणावर उलटेल? मुंबईवर!"

"हां बाई, येवढं पाप नको," कमलाबाई म्हणाली. "आम्ही पुरणाला लागू. तुम्ही नुसतं बसा."

जिच्यापुढं मुकादम बोलायला भ्यायचा, त्या राधाबाईनं मान डोलावली.

दुपारी घरात मायलेकीच होत्या. शेवंती म्हणाली, "आये, मी सांगू दादाला खरं?"

"सांग. मुंबईच्या नावावर मशीनचा पैसा जमवला म्हणून सांग. मग चाळ माझ्या तोंडावर थुंकेल ते पुसायला थांब."

"मग तू काढून दे. मी आत्ता जाऊन मशीन घेऊन येते. मागचं मागे बघू."

राधाबाई उठली. फडक्याची गाठ सोडली. हात गडूच्या तोंडाशी नेला आणि तिथंच अडला. तिनं दातओठ खाल्ले, स्वतःलाच शिवी घातली. पण वर्षभर दर सोमवारी उपाशी पोटी तिथं ठेवलेला पैसा आता तिच्याच हाताला तिचा वाटेना. पाखरांसाठी उभं केलेलं बुजगावणं, त्याला धनीणच भ्यायली.

"तू काढ," ती लेकीला म्हणाली.

शेवंतीनं गडूकडे बघितलं, मग आईच्या अडलेल्या हाताकडे. तिनं गाठ परत बांधली.

उद्यापन झालं. गॅलरीभर पंगत बसली. धोंडू उघड्या अंगानं पुरणपोळ्या वाढत होता आणि सांगत होता, "आमच्या आयेनं मुंबईसाठी वर्ष उपास काढले!" कार्मेलबायचा निरोप सकाळीच आला होता: मशीन माझगावच्या शिंप्यानं नेलं.

पंगतीत शेवटच्या पानावर शेवंतीचा दीर बसला होता. आदल्या दिवशीच बोटीनं उतरला होता. शेवंती त्याच्या पानात वाकून आमटी वाढत होती.

"जेवण झ्याक झालां," तो राधाबाईला म्हणाला. "देवमाणूस तुमी. परवाची बोट हा. वयनीचा गाठोडा बांधून ठेवा."

राधाबाईनं तोंड उघडलं. वर्षभराच्या शिव्या जिभेवर होत्या. आजूबाजूला सगळी पंगत तिच्याकडे हात जोडल्यासारखी बघत होती. तिनं तुपाची वाटी उचलली, त्याच्या पोळीवर धार धरली, आणि म्हणाली,

"सावकाश होऊ द्या."