धुतलेलं फडकं

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी रेशनच्या पिशवीतून गव्हापेक्षा खडेच जास्त यायचे. मी तेव्हा आठ वर्षांची. निवडायला बसले की एवढा ढीग पडायचा की शेजारच्या गवंड्यानं त्यात दोन खोल्या बांधल्या. खोटं वाटत असेल तर एकच धरा.

तेलाचं मात्र खरं सांगते. घरभराला आठवड्याला अर्धी पळी तेल. आई ते सगळं एका फडक्याला पाजायची आणि ते फडकं तव्यावरून नुसतं फिरवायची. तव्याला वास लागला की झालं. शनिवारी बाबा लढाईवर निघणार होते, म्हणून त्या आठवड्यात तिनं फडक्याला हातच लावला नाही. आम्ही कोरडंच गिळलं. शनिवारी ते पिळून बाबांना बटाट्याच्या चार चकत्या तळून घालायच्या, असं तिच्या मनात होतं. हे ठाऊक होतं फक्त आत्याला.

शुक्रवारी आत्या मला म्हणाली, "तुला काम सांगावं, तर आमचंच दुप्पट होतं!"

झोंबलं मला. दोघी रांगेत गेल्या, तशी मी कामाला लागले. भांडी घासली, फळ्या पुसल्या. फळीवर ते काळंकुट्ट, चिकट फडकं दिसलं. घरात साबणाचा नखाएवढा तुकडा उरला होता, तो संपवला आणि फडकं पांढरंशुभ्र करून दोरीवर टाकलं. मग शाबासकीसाठी दारात उभी राहिले.

आईनं फडकं काढलं, नाकाशी नेलं. नीट चौपदरी घडी घातली.

"कुणी धुतलं गं हे?" आत्या.

"मी! बघ ना, कसं निघालंय."

"अगं भवाने, तुझ्या बापाचं उद्याचं जेवण होतं त्यात!"

"वन्सं, राहू द्या," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

शनिवारी तिनं बटाटे उकडून, सोलून, मीठ लावून बाबांपुढे ठेवले.

"हे बरं केलंस," बाबा म्हणाले. "तळलेलं गाडीत पोटात ठरत नाही." दोन घास झाले आणि म्हणाले, "पाणी दे गं, पोरी."

मी दिलं. त्यांनी खाऊन संपवलं, बूट घातले, "येतो" म्हणाले. आले नाहीत.

ही गोष्ट मी नातवंडांना नाना तऱ्हांनी सांगते. कधी शेजारीण बाटलीभर तेल घेऊन धावत येते. कधी फडकं आत्याच धुते. तिनं आयुष्यभर मला बोल लावले, तेवढं तिला चालेल. पोरं विचारतात, "मग तुझी आई तुला काय म्हणाली?" तिथे मला काही रचता येत नाही.

बाबा वळणाआड गेले, तशी ती आत आली. बटाट्याचं पाणी कणकेसाठी झाकून ठेवलं.

"साली गोळा कर," म्हणाली. "टाकू नकोस."