आपोआप क्रम

अपमान गिळायचा की परत करायचा, एवढे दोनच मार्ग माणसापुढे असतात. पहिला मार्ग ज्यांची पचनशक्ती उत्तम त्यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे, असे चौकटरावांचे ठाम मत होते. त्यांची स्वतःची पचनशक्ती लहानपणापासूनच बिघडलेली होती.

चौकटराव हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. चष्म्यांची भिंगे घासून देणाऱ्या त्या कारखान्यात संगणकावरचे फॉर्म तेच तयार करीत, म्हणजे दिवसभर पडद्यावर चौकटी आखीत, म्हणून हे नाव पडले आणि चिकटले. दुकानांतून मागण्यांच्या कागदी चिठ्ठ्या येत. त्यांवरचे नंबर मावशी त्या फॉर्ममध्ये टाइप करीत. मग यंत्रातून छापील पर्ची निघे, ती घासणाऱ्या कामगाराकडे जाई आणि पर्चीवर जे असेल तेच भिंग तयार होई. मावशी म्हणजे टंकलेखनाच्या खुर्चीवर, जिन्यासमोरच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या आधीपासून बसलेल्या बाई. त्यांची नजर चिठ्ठीवरून कधी हलत नसे. पडद्याकडे त्या पाहतच नसत. "माझी बोटं बघतात की," असे त्या म्हणत, आणि त्यात बढाई अजिबात नव्हती.

म्हणूनच चौकटरावांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. फॉर्म पुरा झाला की ते डोळे घट्ट मिटून त्यात आकडे भरीत. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाण्याचा क्रम ते हाताने, एकेक करून लावीत: आधी उजव्या डोळ्याचा लांबचा नंबर, मग उजव्याचा जवळचा, मग डाव्याचा लांबचा, शेवटी डाव्याचा जवळचा. चिठ्ठीवर हाच क्रम असे, मावशींच्या बोटांतही हाच मुरलेला होता. फॉर्म दिसायला कसा आहे हे दुय्यम. तो न पाहता भरता आला पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत होता, आणि त्यावर वाद घालायला आलेला माणूस सहसा दमून परत जाई.

मग फॉर्म आखायच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर धाकटे साडू आले.

म्हणजे साडू घरात आधीपासूनच होते. आता ते कारखान्यात व्यवस्थापक म्हणून अवतरले. त्या रविवारी सासूबाईंकडे सगळे जेवायला जमले असता त्यांनी भर ताटावर विषय काढला.

"आई, तुमचे थोरले जावई अजून एकेक चौकट हाताने ओढतात. लहान मुलं पाटीवर घर काढतात ना, तसं! नव्या आवृत्तीत बटण दाबलं की अख्खा फॉर्म तयार. मी म्हटलं, यांना एक पाटी घेऊन द्यावी."

सासूबाईंना पाणी पिताना ठसका लागला, इतक्या त्या हसल्या. "अहो जावईबापू, पाटी फुटकी नका हं घेऊ!" असे त्या वर म्हणाल्या. मेहुणी हसली. हे सारे एक वेळ सोसता आले असते. पण चौकटरावांची स्वतःची बायकोही, ओठ दातांत धरून का होईना, हसली. घरी परतताना ती म्हणाली, "मनावर घेऊ नका हो." पण एव्हाना त्यांनी ते मनावर घेऊन, व्यवस्थित घडी घालून आत ठेवले होते.

नव्या आवृत्तीने त्यांना रडकुंडीला आणले, हे कबूल केले पाहिजे. पडद्यावरची जुनी हत्यारांची पेटी नाहीशी झाली होती. तिच्या जागी वर एक लांब पट्टी, पट्टीत चित्रे, आणि चित्राला हात लावला की पट्टीच बदले. सगळ्यांत वाईट म्हणजे चौकटी आता एकमेकींना चिकटून जन्माला येत. एक जरा सरकवावी तर सगळी रांग सरके. एक रुंद करावी तर वरच्या-खालच्या साऱ्या फुगून बसत. एकत्र कुटुंबासारखा प्रकार: एकीला बोलावे तर सगळ्या रुसाव्यात. त्यांना सुट्या करण्याचे चित्र कोठे आहे हे शोधण्यात चौकटरावांचे दिवस गेले. आणि तरीही, ज्या रांगा सरळ करण्यात त्यांची दुपार जात असे त्या येथे क्षणात सरळ होत, हेही त्यांनी मनाशी मान्य केले. शत्रूचे गुण नाकारून त्याच्याशी नीट वैर करता येत नाही.

फॉर्म जवळजवळ पुरा झाला तेव्हा साडू खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"झालं का, चौकटराव?"

"दिसायला झालाय, साहेब. क्रम लावायचा राहिलाय. तो मी हाताने लावतो."

"हाताने हात धुवायचे असतात." साडूंनी वाकून माउस स्वतःकडे ओढला. "हे काय लिहिलंय? 'आपोआप क्रम'. दाबलं. संपलं. तुमचा जन्म गेला त्यात, माझं एक बोट गेलं."

"एकदा मावशींना बसवून बघूया. त्या पडद्याकडे—"

"मावशींनी फॉर्मप्रमाणे बदलायचं, फॉर्मने मावशींप्रमाणे नाही. सोमवारी शुभारंभ आहे. मालकांनी ठरवलंय, नव्या फॉर्मवरची पहिली मागणी माझ्याच चष्म्याची. बुधवारी दुकानदारांसमोर तोच घालून भाषण करणार. दुकानांच्या मागण्या त्यानंतर नव्यावर." मग आवाज जरा खाली आणून ते गोडीने म्हणाले, "आणि हे एकदा झालं की या टेबलावर काही काम उरत नाही हो. तुम्ही माल बांधायच्या खोलीत या. चौकोनी खोकी तिथंही आहेत."

ते गेल्यावर चौकटरावांनी सवयीने डोळे मिटले आणि आकडे भरले. डोळे उघडले तेव्हा दुसरा आकडा तिसऱ्याच्या घरात आणि तिसरा दुसऱ्याच्या घरात जाऊन बसला होता. फॉर्मने दोन डोळ्यांसाठी दोन उभ्या रांगा केल्या होत्या, आणि आपोआप क्रम मात्र आडवा धावत होता: उजव्याचा लांबचा, डाव्याचा लांबचा, मग जवळचे. पाहून टाइप करणाऱ्याला हे लगेच दिसले असते. मावशींना दिसणार नव्हते.

दुरुस्ती अगदी किरकोळ होती. बोट माउसवर होतेच. चौकटरावांना साडूंचा नंबर ठाऊक होता: लांबचे किंचित धूसर, जवळचे तर हातभर दूर धरल्याखेरीज वाचता येत नाही. हे दोन नंबर अदलाबदल होऊन चष्म्यात उतरले तर काय होईल याचे चित्र त्यांच्या मनात उभे राहिले, आणि ते इतके सुबक होते की त्यांनी माउसवरचे बोट उचलले व संगणक बंद केला.

सोमवारी मावशी नव्या फॉर्मवर बसल्या. मालक, साडू, चौकटराव आणि हाताला भुकटी लागलेले कामगार मागे उभे. मावशींनी चिठ्ठी उभी केली, मान वर ठेवली, बोटे चालली.

"झालं," त्या म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. चौकटरावांनीही वाजवल्या. तयार भिंगे तपासनिसाने पर्चीशी ताडून पाहिली. ती पर्चीशी तंतोतंत जुळली, कारण चूक पर्चीतच होती.

बुधवारी दुकानदारांनी सभागृह भरले. साडू मंचावर आले, खिशातून नवा चष्मा काढला आणि रुबाबात नाकावर चढवला. मग त्यांनी भाषणाचा कागद पाहिला. कागद दूर नेला, जवळ आणला. शेवटी एक डोळा मिटून वाचू लागले. त्यांना वाटत होते की आपण वाचतो आहोत. समोरून पाहणाऱ्यांना ते पहिल्या रांगेतल्या एका प्रौढ दुकानदारीणबाईंना सतत डोळा मारताना दिसत होते. बाईंनी आधी शेजारी पाहिले, मग मागे, मग पर्स छातीशी धरली. कुजबुज, मग खसखस. "आधुनिक... आधुनिक..." यापुढे काय आहे ते साडूंना दिसेना. त्यांनी भाषण आवरते घेतले आणि ते मंचाच्या पायरीकडे वळले. पाय पायरी जेथे दिसत होती तेथे पडला. पायरी तेथे नव्हती. ते थेट त्याच बाईंच्या मांडीवर येऊन बसले.

सभागृह हसून लोळले. चौकटराव मागच्या भिंतीला टेकून उभे होते. ते हसले नाहीत. एवढे उंची सुख हसण्यात सांडून टाकायचे नसते. रविवारी सासूबाईंकडे हे कोणत्या शब्दांत सांगायचे, याची जुळणी त्यांनी तिथेच सुरू केली.

दुपारी मालकांनी मूळ चिठ्ठी आणि पर्ची टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मालकांना स्वतःचा चष्मा सारखा पुसण्याची खोड होती. त्या दिवशी ते तो फारच पुसत होते.

"मावशी, हे तुम्हीच टाइप केलंत?"

"मीच."

"आकडे इकडचे तिकडे झालेत."

"वय झालं, मालक," साडू म्हणाले. "मी म्हणतच होतो. बघून टाइप करत नाहीत. कुठवर चालायचं हे?"

चौकटराव दारात उभे होते. साडू तोंडावर पडले होते ते लगेच उठून उभे राहिले होते, आणि पडण्यासाठी त्यांनी दुसरेच माणूस पुढे केले होते. मावशींनी आपली बोटे पाहिली, एखाद्या भरवशाच्या माणसाने घात करावा तशी. "शनिवारपर्यंत या," मालक म्हणाले, "मग विश्रांती घ्या."

थोड्या वेळाने चौकटराव जिन्यावरून उतरताना थबकले. मावशी आपल्या खुर्चीवर जुना फॉर्म उघडून बसल्या होत्या. एक आकडा दाबीत, पडद्याकडे पाहत, पुन्हा चिठ्ठीकडे पाहत, पुन्हा पडद्याकडे. ओठ हलत होते. एका चिठ्ठीला एवढा वेळ लागत होता की पाहवेना.

चौकटरावांनी स्वतःशी वाद घातला. वार साडूंवर होता. हत्यार कोणते वापरले याने काय फरक पडतो? मावशींना बोलले ते साडू, काढले ते मालकांनी, आपण तर काहीच केले नाही. युक्तिवाद बिनतोड होता. आयुष्यात प्रथमच त्यांना स्वतःचाच बिनतोड युक्तिवाद पटला नाही.

ते मावशींना घेऊन मालकांच्या खोलीत गेले. साडूंनाही बोलावले.

"मावशी, डोळे मिटा. ही चिठ्ठी मी वाचतो, तुम्ही टाइप करा. आधी जुन्या फॉर्मवर. आता नव्यावर."

जुन्यावर चारही आकडे जागच्या जागी होते. नव्यावर मधले दोन फिरले. मालक चष्मा पुसायचे थांबले.

"क्रम कुणी लावला?"

"ते नव्या आवृत्तीतच असतं, मालक, आपोआप—" साडू म्हणाले.

"बटण आपोआप दाबलं गेलं का?"

"मी दाबलं."

साडूंचा चेहरा पडला. चौकटरावांना आतून असा काही गारवा वाटला की बुधवारची गंमत त्यापुढे फिकी. सगळे इथेच संपले असते तर! पण मालकांनी मान वळवली.

"आणि तुम्हाला हे कळलं कधी?"

'आत्ता' एवढे म्हटले की सूड पूर्ण होत होता. मावशी त्यांच्याकडे पाहत होत्या. बऱ्याच वर्षांत कशाकडे पाहिले नसेल असे पाहत होत्या.

"बटण दाबलं त्याच दिवशी," चौकटराव म्हणाले.

"म्हणजे मी टाइप करत होते," मावशी सावकाश म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही मागे उभे होतात."

"हो."

"टाळ्या वाजवल्यात."

"वाजवल्या."

"यांच्याशी भांडायचं होतं, तर स्वतःच्या बोटांनी भांडायचं होतं. माझी कशाला घेतलीत?"

मालक म्हणाले, "मावशी, तुमचं जाणं रद्द. यांनी तुमची माफी मागायची."

"माफी घरी नेऊन काय करू? तिला काय फोडणी देऊ?" मावशींनी पदर खोचला. "यांना माझ्या खुर्चीवर बसवा. नव्या फॉर्मचा क्रम यांनीच लावायचा आणि सगळ्या चिठ्ठ्या यांनीच टाइप करायच्या. बोटांकडे बघायचं नाही, पडद्याकडे बघायचं नाही. मी मागे बसेन. यांची बोटं माझ्याइतकी चोख झाली की मग मी माफीचं बघते."

मालकांना स्वतः काही ठरवावे लागले नाही, याचा त्यांना आनंद झाला. साडू हळूच दाराकडे सरकत होते.

"तुम्ही थांबा," मालक त्यांना म्हणाले. "तो चष्मा कुठाय? घाला. नव्या फॉर्मवरचा पहिला माल आहे, टाकायचा नाही. नवा फॉर्म चोख झाल्यावर तुमचा दुसरा घासू."

अशा रीतीने चौकटराव जिन्यासमोरच्या खुर्चीवर आले. मागे मावशी स्टुलावर, हातात लाकडी पट्टी. ती त्या मारीत नसत. नुसती टेबलावर वाजवीत.

"मान वर. चिठ्ठीकडे. बोटं बघितलीत! पहिल्यापासून."

"अहो मावशी, फक्त एकदाच—"

"मी एकदासुद्धा बघितलं नव्हतं. पहिल्यापासून."

चौकटरावांनी दात-ओठ खात पुन्हा सुरुवात केली. उजव्याचा लांबचा. उजव्याचा जवळचा. बोटे आता कुठे वळणावर येत होती. तेवढ्यात वरून कठड्याचा आवाज आला. साडू जिना उतरत होते: एक हात कठड्याला, एक डोळा मिटलेला, प्रत्येक पायरी बुटाच्या टोकाने चाचपून पाहत, आणि तरी शेवटच्या पायरीनंतर नसलेल्या आणखी एका पायरीवर त्यांनी जपून पाय ठेवला.

चौकटरावांची नजर चिठ्ठीवरून सुटली. क्षणभरच, पण तो क्षण त्यांनी पुरेपूर चाखला.

मागे पट्टी वाजली.

"डाव्याच्या घरात उजव्याचा गेला," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कमालीचे समाधान होते. "पहिल्यापासून."