थांबणारं पातं

आमच्या ह्यांना एकच वेड. गवत कापायच्या मशीनचं पातं माणसाच्या कातडीला लागताक्षणी आपोआप थांबलं पाहिजे. शेजारच्या मास्तरांची दोन बोटं अंगणातलं गवत काढताना गेली, तिथून हे सुरू झालं. पंपाच्या कारखान्यातली चांगली फिटरची नोकरी सोडली. मी कपाळाला हात लावला. पण शेवटी पातं खरंच थांबलं! काकडी पुढे केली, की सालीला ओरखडा काढून मशीन गप्प. कितीतरी महिने आम्ही जखमी काकड्याच खात होतो.

मशीन विकायला गेले, तर बाकी सगळ्या कंपन्यांनी ह्यांना दारातूनच वाटेला लावलं. एका कंपनीचे साहेब मात्र घरी यायला तयार झाले. ह्यांनी त्यांना फोनवर शब्द देऊन टाकला, "काकडी नाही साहेब, माझा स्वतःचा हात घालून दाखवतो." आता हेच एक दार उरलं होतं.

पाहुण्यांपुढे अंगण हिरवंगार दिसावं म्हणून मी सकाळी पाइप लावून सगळं गवत चिंब भिजवलं. पात्याशेजारचा सेन्सर ओल ओळखतो. कातडी काय, काकडी काय नि भिजलेलं गवत काय, त्याला सगळं सारखंच. मशीन दोन पावलं चाललं नि थांबलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलं. साहेबांबरोबरची इंजिनिअर मुलगी हसू दाबत म्हणाली, "काका, हे गवत कापतं की गवताला घाबरतं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग खाली बसून त्यांनी सेन्सरचा स्क्रू पार उलटा फिरवला. म्हणजे सेन्सर आंधळाच झाला. मशीन सुसाट सुटलं, गवत सपासप पडायला लागलं. साहेब खूश झाले.

"वा! आता तेवढं हाताचं दाखवा."

मला वाटलं, हे आधी स्क्रू जागेवर आणतील. ह्यांनी बाही वर सरकवली, चालू मशीन एका अंगावर कलतं केलं आणि हात पात्याकडे न्यायला लागले.

मी धावत जाऊन बॅटरी उपसून काढली.

"चालत नाही हे मशीन!" मी ओरडले. "आमचं मशीन चालत नाही हो, जा तुम्ही!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "कळवतो," म्हणाले. ते काय कळवणार, हे शेंबड्या पोरालाही समजलं असतं.

फाटक लागलं. मी बॅटरी छातीशी धरून उभी होते.

"वेंधळे ते वेंधळेच! स्क्रू परत फिरवायला विसरलात ना? हात गेला असता!"

"विसरलो नव्हतो," ते म्हणाले. "पात्याला सगळं ओलं गवत चिकटलं होतं. स्क्रू फिरवला असता तर मशीन सुरूच झालं नसतं. मग ते उठून गेले असते."

"आणि हात?"

"हात दोन आहेत गं. दारात पुन्हा कोण येणार होतं?"

इतका राग मला त्यांचा जन्मात आला नव्हता. मी त्यांचा तो हात धरला, आणि अंधार पडेपर्यंत सोडला नाही.