उसन्या सेलचा दिवा

मी सायकलचा एक जुना दिवा आहे. मित्रांनो, दुकानातल्या चकचकीत दिव्यांशी माझी सोयरीक जुळवू नका. माझा जन्म स्वयंपाकाच्या ओट्यावर, बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीतून झाला. अजूनही ऊन तापलं की माझ्या अंगाला पॉलिशचा वास येतो.

माझ्या जन्माचं कारण म्हणजे गटार. छापखान्यातून आले की माझे मालक, म्हणजे काका, सायकल काढून सलूनवाल्या मित्राकडे कॅरम खेळायला जात. एकदा परतताना अंधारात ते सायकलसकट गटारात गेले. काकूंनी त्यांना घासूनपुसून घरात घेतलं आणि निकाल दिला, "सायकलला दिवा हवा आणि आठच्या आत तुम्ही घरात हवेत. नाहीतर ही सायकल भंगारात!"

दिवा विकत आणायचा म्हटल्यावर काका घरातल्या डब्या धुंडाळू लागले. त्यांनी डबीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडलं, त्यात टॉर्चचा बारका बल्ब बसवला, आत गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद चिकटवला. काकूंचा केसांचा आकडा वाकवून बटण केलं आणि फाटक्या ट्यूबच्या पट्टीने मला हँडलला करकचून बांधलं. राहिला सेल. तो त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातून काढला.

"घरात असताना विकत कशाला?" ते मला म्हणाले. मी तेव्हा लहान होतो, मला पटलं.

खरं सांगायचं तर माझा उजेड एवढाच, की खड्ड्यात पडल्यावर खड्डा नीट दिसे. तरी सलूनवाला म्हणाला, "वा! अगदी परदेशी वाटतो." त्या दिवशी मी फार फुगलो.

काका परतले की आधी गुपचूप सेल घड्याळात सरकवत आणि मग हाक मारत, "बघ गं, आठच्या आत आलो की नाही!" काकू वर बघत. साडेसात. काका सेल काढून निघत तेव्हाही साडेसातच वाजलेले असत, पण तेव्हा काकू शिवणात मान घालून बसलेल्या असत. सेकंदकाटा तर कधीच गळून पडला होता. सकाळी रेडिओ ऐकून त्या घड्याळ लावत आणि 'म्हातारं झालं मेलं' म्हणत. काका गंभीरपणे मान डोलावत.

"तुम्ही गेलात की वेळ जाता जात नाही हो," असंही काकू म्हणत. काकांना ते फार गोड वाटे.

मग आला भाचीचा वाढदिवस. पुढचं मला घड्याळानेच नंतर सांगितलं. काकूंनी केक ओव्हनमध्ये ठेवला. आठला काढायचा होता. त्यांनी वर बघितलं, साडेसात. बरंच शिवून झाल्यावर पुन्हा बघितलं, साडेसात. मग घरभर धूर झाला.

काकांनी मला हँडलवरून सोडवलं आणि आम्ही पाय न वाजवता आत शिरलो, तर भिंतीवर नुसता खिळा! घड्याळ काकूंच्या मांडीवर होतं आणि त्याची पाठ उघडी होती.

काका सवयीने म्हणाले, "बघ गं, आठच्या..."

"कुठे बघू?" काकूंनी हात पुढे केला. काकांनी मला त्यावर ठेवलं. काकूंनी आधी सेल काढला, मग बटण निरखलं. "आणि हा आकडा मी कधीपासून शोधतेय!"

मित्रांनो, भंगाराचा ढीग माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. काकांचा चेहरा केकसारखाच काळा पडला होता. त्यांच्याकडे बघता बघता काकूंना एकदम हसू फुटलं.

"अहो, मला वाटायचं, माझंच काहीतरी बिघडलंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हा माणूस जरा बाहेर गेला की वेळ म्हणून सरकत नाही! आणि तुम्ही तो वेळच हँडलला बांधून फिरत होतात?"

"उद्या नवा सेल आणतो," काका पुटपुटले.

"आणाच. एक घड्याळाला, एक ह्याला. पुन्हा गटारात गेलात तर मी वाट कुणाची बघू?"

तेव्हापासून माझ्या पोटात माझा हक्काचा सेल आहे. मित्रांनो, तुमच्या दिव्यालाही त्याचा स्वतःचा सेल द्या, त्याचं तोंड पुसा, पावसात त्याला पिशवी बांधा. त्याचा उजेड थोडासाच असतो, पण त्याच्यामागे कुणाचं तरी माणूस बसलेलं असतं.

घड्याळ आता थांबत नाही. तरी काका निघाले की काकू शिवणातून मान वर न करता म्हणतात, "लवकर या हो. वेळ जाता जात नाही."

आणि काका आठच्या आत घरी येतात.